पुरोचनावाचून लाक्षागृह

महाभारताच्या आदिपर्वातील लाक्षागृहाची कथा आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी आजीकडून किंवा देवळातल्या पुराणिकबुवांकडून ऐकलेली असते. ती ऐकताना सारे लक्ष भुयाराकडे लागलेले असते. पांडव सुटतात की नाही, एवढाच त्या वयाचा प्रश्न. वीस-एक वर्षे वकिली करून चाळिशी ओलांडल्यावर आम्ही ती कथा मुद्दाम पुन्हा वाचावयास घेतली, आणि या खेपेस आमचे लक्ष भुयाराऐवजी भिंतीवर खिळून राहिले. असे का झाले हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

दुर्योधन पुरोचनास वारणावताला धाडतो, तेव्हा त्यास दिलेली आज्ञा एखाद्या बांधकामाच्या करारपत्राइतकी तपशीलवार आहे. चौसोपी घर उभारावयाचे; शण, राळ आणि जे जे म्हणून चटकन पेट घेते ते ते त्यात वापरावयाचे; तूप, तेल, चरबी आणि पुष्कळशी लाख मातीत कालवून त्या मातीचा भिंतींना गिलावा करावयाचा; आणि हे सारे अशा बेताने करावयाचे की पांडवांनी, किंबहुना अन्य कोणीही, कसून पाहिले तरी संशय येऊ नये. आत आसने व शय्या उत्तमोत्तम. युधिष्ठिर त्या घरात शिरतो, भिंतीचा वास घेतो आणि भीमास सांगतो की हे घर जाळण्यासाठीच बांधलेले आहे. दर्शनी भागात काहीच उणे नव्हते. जे होते ते गिलाव्याखाली होते.

आता आमच्या अग्रशाळेकडे येतो. इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांसाठी सांगावयास हवे की गोव्यात देवळाच्या आवारात यात्रेकरूंना उतरण्यासाठी बांधलेल्या इमारतीस अग्रशाळा म्हणतात. कुलदेवतेच्या दर्शनास आलेली कुटुंबे तेथे राहतात, नवस फेडतात, मुलांच्या मुंजी लावतात, जत्रेच्या रात्री चटया अंथरून झोपतात. आम्ही ज्या देवस्थानाचे महाजन आहोत त्याची अग्रशाळा जुनी आहे. भिंती चिऱ्याच्या, दीड हात जाडीच्या. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि उन्हावाऱ्यात कठीण होत जातो. त्याची जाड भिंत दिवसाची उष्णता पोटात घेऊन अतिशय सावकाश सोडते. वर पूर्वी लाकडी वासे, रिपा आणि नळे होते, पुढे मंगळुरी कौले आली. कौलांच्या फटींतून वारा खेळे आणि चुलीचा धूरही वाट काढून जाई. वाळवीने वासे खाल्ले तेव्हा आमच्या आधीच्या समितीने लोखंडी सांगाडा करून त्यावर पत्रे घातले. पाऊस थांबला, उन्हाळा सुरू झाला. चैत्र-वैशाखात दुपारी त्या दालनात बसणे म्हणजे तापल्या तव्याखाली बसणे. दोन वर्षांपूर्वी एका वृद्ध यात्रेकरू बाईंना तेथे भोवळ आली. तेव्हापासून पत्र्याखाली उष्णतारोधक थर आणि त्याखाली छत घालावे, असा विचार समितीपुढे आला. एका भाविक दात्याने त्यासाठी रक्कम देऊ केली आणि पुढील जत्रेपूर्वी काम पुरे व्हावे अशी इच्छा दर्शविली.

छत ही आपल्याकडे नवी वस्तू नव्हे. वाड्यांतून तक्तपोशी असे आणि तिला हंड्या-झुंबरे टांगलेली असत. पण तक्तपोशीचे लाकूड हे लाकूडच आहे, हे खाली बसलेल्या प्रत्येकास दिसे. आजचे छत निराळ्या जातीचे. ते पांढरेशुभ्र व सपाट असते, आणि त्याच्यावर काय आहे हे त्याच्याकडे पाहून कधीच कळत नाही.

तीन कंत्राटदारांनी दरपत्रके दिली. पहिल्याने पत्र्याखाली थर्मोकोलचे तक्ते आणि त्याखाली शोभेचे हलके छत सुचविले. हे सर्वांत स्वस्त. दुसऱ्याचा भर फोमवर होता. तिसऱ्याने दगडी लोकर आणि जिप्समचे तक्ते सांगितले; त्याची किंमत पहिल्याच्या दुपटीहून अधिक. उष्णता अडविण्याच्या बाबतीत तिन्ही जवळजवळ सारखीच असल्याचे आम्हांस सांगण्यात आले, आणि ते सांगणे खोटे नव्हते. कारण उष्णता अडविण्याची किमया मूलतः हवेची आहे. स्थिर हवा उष्णतेची फार मंद वाहक. ती हलू लागली की उष्णता घेऊन हिंडते. म्हणून तिला लहान लहान कोठड्यांत कोंडावयाचे. आजीच्या गोधडीत, गवताने शाकारलेल्या छपरात आणि कारखान्यातल्या फोममध्ये तत्त्व एकच. थर्मोकोलच्या तक्त्यात घनफळाचे शेकडा ९८ भाग हवाच असते.

प्रश्न उरलेल्या दोन भागांचा असतो. दगडी लोकर म्हणजे खडक वितळवून काढलेले तंतू. ती हजार अंशांच्या उष्णतेतही टिकून राहते. जिप्समच्या तक्त्यात वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा पाणी स्फटिकरूपाने बांधलेले असते. आगीला त्या तक्त्यापलीकडे जावयाचे तर आधी ते पाणी वाफ करून घालवावे लागते, आणि तेवढा वेळ माणसांना बाहेर पडावयास मिळतो. थर्मोकोल शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतो, मग वितळतो, आणि पेटला तर काळाकुट्ट धूर सोडीत जळते थेंब खाली गाळतो. पॉलियुरेथेनच्या फोमच्या धुरात हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू असतो. हे सारे आज आम्ही ऐटीने लिहीत आहोत. त्या वेळी यांतील एक अक्षरही आम्हांस ठाऊक नव्हते, आणि जाणून घेण्याची गरजही वाटली नव्हती.

आम्हांस ठाऊक होते ते कराराचे कलम. स्वस्त दरपत्रक मान्य करावे असा समितीचा कल होता, आणि मसुदा करण्याचे काम साहजिकच आमच्याकडे आले. अकरा पानी मसुदा झाला. वापरलेल्या सर्व साहित्याच्या गुणवत्तेची, आणि त्यापासून केव्हाही उद्भवणाऱ्या सर्व हानीची जबाबदारी सर्वस्वी कंत्राटदारावर राहील, असे एक कलम त्यात होते. ते कलम आम्ही मोठ्या समाधानाने अध्यक्षांना वाचून दाखविले. देवस्थान आता निर्धास्त झाले, असे म्हणालोदेखील.

अग्रशाळेचे वृद्ध आचारी दाराशी उभे राहून ऐकत होते. चाळीस वर्षे त्यांनी तेथे प्रसादाचे जेवण रांधले आहे. सभा उठल्यावर त्यांनी आम्हांस गाठले आणि विचारले, "वकीलबाब, हें वयर लायतात तें पेटता काय?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. आम्ही कंत्राटदारास विचारले. तो म्हणाला, दुकानदार म्हणतो की हा माल अग्निरोधक आहे. दुकानदाराने एका प्रमाणपत्राची छायाप्रत पाठविली. ती आम्ही पुराव्याचा कागद तपासावा तशी तपासली, तेव्हा ते प्रमाणपत्र निराळ्या जाडीच्या, निराळ्या नावाच्या मालाचे निघाले. शेवटी आचाऱ्यांनी नमुन्याचा एक तुकडा परसात नेऊन चिमट्यात धरला आणि काडी ओढली. पुढे काय झाले ते वर्णन करण्याचे कारण नाही. वर थर्मोकोलविषयी लिहिले आहे ते डोळ्यांनी पाहिलेले आहे. येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. काडीची परीक्षा एकाच बाजूने खरी असते. तुकडा पेटला तर माल वाईट हे सिद्ध होते; पण न पेटला तर चांगला, असे मात्र नव्हे. ज्वालारोधक रसायने घातलेला माल काडीला दाद देत नाही आणि मोठ्या आगीत भडकतो. खरी परीक्षा प्रयोगशाळेची, आणि तीही संपूर्ण रचनेची: सांगाडा, पोकळी, थर आणि तक्ता मिळून.

त्या रात्री आमच्या मनात जो प्रश्न उभा राहिला तो साधा होता. आमच्या कलमाने जबाबदारी कंत्राटदाराकडे गेली होती, हे कायद्याने खरे. मग छताखाली झोपणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्या कलमाने काय बदलले होते? उद्या काही झाले असते तर ते कलम न्यायालयात आमच्या उपयोगी पडले असते. त्याच्या उपयोगी मुळीच पडले नसते.

कायदा गुप्त दोषाकडे कसा पाहतो, हे येथे थोडक्यात सांगतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात विक्रेत्यावर एक कर्तव्य घातलेले आहे. मालमत्तेत जो महत्त्वाचा दोष विक्रेत्यास माहीत आहे, खरेदीदारास माहीत नाही, आणि सामान्य काळजी घेऊनही खरेदीदारास सापडण्याजोगा नाही, तो विक्रेत्याने उघड केला पाहिजे. नियम न्याय्य आहे. पण त्यातील 'विक्रेत्यास माहीत आहे' या अटीकडे लक्ष द्यावे. जो जाणतो त्याच्यावर भार. जो जाणून घेत नाही तो मोकळा. पुढे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ही फट काहीशी बुजविली. घराचा ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष आढळला तर विकसकाने तो स्वखर्चाने दुरुस्त करावा, त्यास तो ठाऊक असो वा नसो. परंतु छत पाच वर्षांनी उतरविले जात नाही, आणि अग्रशाळेत उतरणारा यात्रेकरू काही खरेदी करीत नसतो.

आपले धर्मशास्त्र या बाबतीत अधिक कठोर आहे, हे आमच्या ध्यानी उशिरा आले. कामतः म्हणजे जाणूनबुजून केलेले पाप आणि अकामतः घडलेले पाप असा भेद शास्त्रकार करतात. दुसऱ्याचे प्रायश्चित्त हलके ठरवितात, पण ते माफ करीत नाहीत. मनुस्मृतीतील पंचसूनेचा विचार तर याहून मार्मिक आहे. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचे भांडे ही गृहस्थाच्या घरातली पाच हिंसास्थाने मानली आहेत. घर चालविणे म्हटले की त्यांतून नकळत जीव जाणारच, आणि म्हणून गृहस्थाने पंचमहायज्ञ रोज करावयाचे. आपल्या सोयीमुळे कोणास तरी इजा होत असेल, असे गृहीत धरूनच हा विचार आरंभ करतो. दिसत नाही म्हणून ती नाही, असे तो म्हणत नाही. आम्ही वास्तुशांत करतो, वास्तुपुरुषास नैवेद्य दाखवितो. भिंतीत काय घातले हे गवंड्यास विचारण्याचे मात्र राहून जाते. हा टोमणा प्रथम आम्हांसच लागू आहे.

लाक्षागृह बांधावयास पुरोचन लागतो, असा आपला समज असतो. कोणीतरी दुष्ट बुद्धीने भिंतीत लाख कालविल्याखेरीज घर जळावयाचे नाही, आणि आपल्यांत तर असा कोणी नाही. हा समज किती भोळा आहे हे पाहावयाचे असेल तर लंडनच्या ग्रेनफेल टॉवरची हकीकत वाचावी. १९७४ साली पुरी झालेली ही २४ मजल्यांची काँक्रीटची इमारत. सामान्य उत्पन्नाच्या लोकांची वस्ती. घरे हिवाळ्यात उबदार राहावीत आणि इमारत देखणी दिसावी, म्हणून २०१६ साली संपलेल्या नूतनीकरणात तिला बाहेरून नवी वस्त्रे चढविण्यात आली. काँक्रीटच्या भिंतीला फोमचे उष्णतारोधक तक्ते, त्यापुढे मोकळी पोकळी, आणि त्यापुढे अॅल्युमिनियमचे दर्शनी तक्ते. हे तक्ते म्हणजे दोन पातळ पत्र्यांमध्ये भरलेले पॉलिथिलीन. आधी जस्ताचे तक्ते योजले होते. ते बदलल्याने जवळजवळ तीन लाख पौंड वाचले. १४ जून २०१७ च्या मध्यरात्रीनंतर चौथ्या मजल्यावरील एका घरातल्या शीतकपाटापाशी आग लागली, खिडकीवाटे बाहेर पडली, आणि त्या पोकळीत धुरांड्यात चढावी तशी चढत गेली. बहात्तर माणसे मेली.

न्यायमूर्ती मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशीचा अंतिम अहवाल ४ सप्टेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. ते सर्व मृत्यू टाळता येण्याजोगे होते, असा त्याचा निष्कर्ष आहे. माल बनविणाऱ्यांच्या अप्रामाणिकपणावर त्यात कडक ताशेरे आहेत. एका उष्णतारोधक मालाच्या चाचणीच्या वेळी भिंतीच्या रचनेत जास्तीच्या अग्निरोधक फळ्या बसविल्या गेल्या आणि नंतरच्या प्रसिद्धीत त्यांचा उल्लेख गाळला गेला. येथे पुरोचनाची सावली दिसते, हे कबूल. पण त्या एका मालामागून वास्तुविशारद, मुख्य कंत्राटदार, उपकंत्राटदार, सल्लागार, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था, नगरपालिकेचे तपासनीस आणि घरांची व्यवस्था पाहणारी संस्था अशी रांग उभी होती. बहुतेकांनी चौकशीपुढे एकच सांगितले: ते पाहणे आमचे काम नव्हते, आम्ही दुसऱ्यावर विसंबलो. त्यांच्या वकिलांची निवेदने वाचताना आम्हांस आमचे अकरा पानी करारपत्र आठवत होते. भाषा तीच होती. कदाचित आमची किंचित अधिक सुबक असेल.

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातल्या एका घटनेत तर सावलीही दिसत नाही. वेस्ट वॉरविक गावी 'स्टेशन' नावाचे गाण्याबजावण्याचे एक नाइटक्लब होते. आवाजाचा त्रास होतो अशी शेजाऱ्याची तक्रार आली. तो शेजारी फोमच्या कंपनीत नोकरीस होता. आवाज अडविण्यासाठी भिंतींना फोम लावा, असे त्यानेच सुचविले आणि मालकांनी तो त्याच कंपनीकडून घेऊन चिकटविला. सर्वांचे समाधान झाले. २० फेब्रुवारी २००३ च्या रात्री मंचावर उडविलेल्या नळ्यांच्या ठिणग्या त्या फोमवर पडल्या. शंभर माणसे गेली. तक्रार करणारा वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. शांत झोप मागणे हा काही गुन्हा नव्हे.

महाभारतात सारे ज्ञान एका पुरोचनाजवळ होते, म्हणून सारे पापही त्याच्या माथी बसते. आज ज्ञानाचे तुकडे झाले आहेत. चाचणीत काय झाले ते कारखान्यास ठाऊक, भाव दुकानदारास ठाऊक, नकाशा वास्तुविशारदास, खिळा सुतारास आणि देणगीची रक्कम महाजनांना. प्रत्येकाजवळचा तुकडा निरुपद्रवी असतो. ते तुकडे एकत्र येतात ते फक्त छताच्या वर, आणि तेथे पाहणारा कोणी नसतो. आपल्या हातातला तुकडा दुसऱ्याच्या तुकड्याशी ताडून पाहण्याचे कर्तव्य कोणत्या कलमाने कोणावर येते, ते आम्हांस सापडले नाही. आमच्या मते ते त्याच्यावर येते जो झाकण्याचा हुकूम देतो. उघडी वस्तू सर्वांच्या नजरेवर सोपविता येते. झाकल्याबरोबर ती सर्वांच्या नजरेतून काढून आपण आपल्या एकट्याच्या नजरेत घेतो. मग ती नजर तरी असली पाहिजे.

येथे पुन्हा वारणावताकडे वळणे भाग आहे, कारण त्या कथेतील जी व्यक्ती आम्हांस झोप येऊ देईना तिचे नावही व्यासांनी दिलेले नाही. त्या रात्री कुंतीने ब्राह्मणभोजन घातले होते. अन्नाच्या आशेने एक निषादी आपल्या पाच मुलांसह तेथे आली. खाऊनपिऊन, मद्याने धुंद होऊन ती सहाही जणे तेथेच झोपली. माणसे पांगल्यावर भीमाने आग लावली, पांडव भुयारातून निघून गेले, पुरोचन जळाला. सकाळी राखेत सहा देह सापडले, ते पांडवांचे आणि कुंतीचे समजून वारणावतकरांनी शोक केला. निषादी काळाच्या प्रेरणेने आली, एवढे म्हणून कथा पुढे सरकते.

त्या घरात तीन प्रकारची माणसे होती. एकाने भिंत बांधली होती, काहींनी भिंतीचा वास घेतला होता, आणि काहींना कोणी काही सांगितले नव्हते. युधिष्ठिराचे वकीलपत्र घ्यावयाचे झाले तर बचाव अवघड नाही. आपणांस कळले आहे हे पुरोचनास कळते तर त्याने त्याच क्षणी घर पेटविले असते. दुर्योधनाजवळ खजिना होता, माणसे होती, पांडवांजवळ काही नव्हते. म्हणून वर्षभर काही न कळल्याचे सोंग करून राहणे प्राप्त होते. हा बचाव मान्य करावयास आम्ही तयार आहोत, कारण तो जिवावर बेतलेल्या माणसाचा आहे. आमच्या जिवाला कसला धोका होता? आमचे भुयार म्हणजे आमचे स्वतःचे घर. समितीची सभा आटोपून आम्ही रात्री तेथे झोपावयास जातो, आणि अग्रशाळेत झोपतो तो अन्नाच्या नि दर्शनाच्या आशेने आलेला, छताकडे पाहून निश्चिंत झालेला पाहुणा.

पुढच्या सभेत आम्ही मसुदा मागे घेतला आणि हे सारे मांडले. विरोध झाला, आणि तो विरोध पोकळ नव्हता. एक निवृत्त शिक्षक महाजन म्हणाले, "वकीलसाहेब, आग कदाचित कधीच लागणार नाही. ऊन मात्र रोज आहे. भोवळ आलेल्या त्या बाई तुम्ही विसरलात? महागडे काम परवडेपर्यंत थांबावयाचे म्हणजे दर उन्हाळ्यात माणसे भाजावयाची. तेही पाप तुम्ही आपल्या वहीत मांडाल ना?" या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आमच्यापाशी तेव्हा नव्हते आणि आजही नाही. आम्ही एवढेच म्हणालो, की उन्हाचा त्रास ज्यास होतो त्यास तो दिसतो. तो चटई उचलून ओसरीत जाऊ शकतो, दुपार वडाखाली काढू शकतो, आम्हांस शिव्या देऊ शकतो. छतावरच्या थराच्या बाबतीत त्याची ही सारी मोकळीक आपण काढून घेतो, आणि काढून घेतली आहे हेही त्यास सांगत नाही. मास्तरांनी मान हलविली. पटले म्हणून की दमले म्हणून, ते कळले नाही.

कोणी म्हणाले, "देव राखतलो." आम्ही हसलो नाही, ज्या श्रद्धेवर देवस्थान उभे आहे तिला हसणारे आम्ही कोण? पण पुजारीच म्हणाले, की समईची वात शांत केल्याखेरीज आणि पुन्हा एकदा मागे वळून पाहिल्याखेरीज मी गर्भगृहाला कधी कुलूप लावलेले नाही. देवावर माझा भरवसा काही कमी नाही.

आणखी एक प्रकरण त्याच सभेत निघाले. अग्रशाळेच्या मागील स्वयंपाकघरावर सिमेंटचे जुने पत्रे आहेत, म्हणजे अॅस्बेस्टॉसचे. नवे छत टांगण्यासाठी त्यांस भोके पाडावी लागतील, असे पहिल्या दरपत्रकात लिहिले होते. पत्रा जागच्या जागी शाबूत असतो तोवर धोका थोडा. भोक पाडताना जी धूळ उडते ती भोक पाडणाऱ्या मजुराच्या छातीत जाते, आणि रोग बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी प्रकट होतो. सर्व जातींच्या अॅस्बेस्टॉसने कर्करोग होतो, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा निर्णय आहे. ब्रिटनने पांढऱ्या अॅस्बेस्टॉसवरही १९९९ साली बंदी घातली. आपल्या देशात ते पत्रे विकले जातच आहेत. येथे झाकण भिंतीचे नसून काळाचे असते: चाळीस वर्षांनी खोकणाऱ्या माणसास आमचे स्वयंपाकघर आठवणारही नाही. आमच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात हे ओळखले होते. कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे सांगून, अॅस्बेस्टॉस उद्योगांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर ठेवावी, असा आदेश न्यायालयाने दिला. हातापायाला न दिसणारी इजा निदान कागदावर तरी दिसत राहावी, हा त्यामागचा विचार. स्वयंपाकघरास हात लावावयाचा नाही, असे सभेत एकमताने ठरले. ते पत्रे पुढे उतरवावयाचे तर पाण्याने भिजवून, तोडमोड न करता आणि जाणकाराच्या हातूनच.

मुख्य दालनाचा निर्णय एकमताने झाला नाही. देणगीच्या रकमेत दगडी लोकर आणि जिप्समचे काम निम्म्या दालनापुरतेच बसत होते. दोन मतांच्या आधिक्याने तेवढेच करण्याचे ठरले. दात्यांस वाईट वाटले. अर्ध्या छताखाली आपल्या नावाची पाटी लावू नका, पुरे झाले की पाहू, असे त्यांनी कळविले. आमच्या मसुद्यातले ते कलम आम्ही ठेवले आहे, कारण वकिलाने ते गाळणे मूर्खपणाचे ठरेल. पण त्याच्या आधी एक नवे कलम घातले. छतात काय घातले, किती जाडीचे, कोणत्या कारखान्याचे, कोणत्या परीक्षेत उतरलेले, आणि कोणत्या तारखेस कोणाच्या हातून बसविले, हे देवस्थानाच्या वहीत लिहावयाचे आणि त्याचा उतारा मराठीत व कोकणीत दालनाच्या दाराशी लावावयाचा. एका कोपऱ्यातला तक्ता खिळ्यांनी न ठोकता उचलता येईल असा ठेवला आहे. विजेच्या तारा त्याच बाजूने जातात. महिन्यातून एकदा आचारी शिडी लावून, विजेरी घेऊन तेथून डोकावतात. हे काम त्यांना कोणी सांगितलेले नाही.

गेल्या जत्रेला यात्रेकरूंनी साहजिकच थंड बाजू आधी धरली. उशिरा आलेल्यांना पत्र्याखाली पथारी पसरावी लागली. त्यांतल्या एका वृद्ध गृहस्थांनी घाम पुशीत आम्हांस विचारले, की देवस्थानाने काम असे अर्धवट का टाकले? आम्ही त्यांना दाराशी नेऊन उतारा दाखविला, आणि त्या बाजूला वर काय आहे व या बाजूला काय नाही, तेही सांगितले. त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला. "म्हणजे इकडे वर नुसता पत्राच ना?" एवढे खात्री करून घेतले, आणि जाऊन पंखा आपल्या बाजूला वळवून आडवे झाले.